पलीकडच्या काठावरून हाक

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात सुलेखा आणि अतुल ही आदर्श जोडी समजली जायची. आदर्श जोडी म्हणजे काय, तर जिच्या घरात काय चाललंय ते बाहेर कुणालाच माहीत नाही. दोघांनी साठी ओलांडलेली. अतुल एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळून निवृत्त झाला होता. सुलेखा डेंटिस्टच्या ऑफिसात फ्रंट डेस्कवर होती. दात काढायला आलेल्या घाबरट माणसांना हसून खुर्चीपर्यंत नेण्यात तिची उभी हयात गेली. ‘काही दुखणार नाही’ हे ती इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्याला खरंच वाटायचं. गेलं वर्षभर ती तेच स्वतःला सांगत होती.

अतुल विसरायला लागला होता. आधी चाव्या, चष्मा. ते काय, सगळेच विसरतात. मग एका हिवाळ्यात तो दूध आणायला म्हणून गेला आणि भलत्याच गावातल्या पार्किंग लॉटमध्ये, इंजिन चालू ठेवून, गाडीत नुसता बसलेला सापडला. त्या दिवसापासून गाडी ती चालवू लागली. विचारणाऱ्यांना सांगितलं, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. पुढे माणसांची नावं जायला लागली, तर तिनं त्यावरही तोड काढली. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी समोर आलं की हीच आधी ओरडायची, “अगंबाई, जय! अहो, जय आलाय बघा, मालिनीचा!” की अतुल लगेच हात पुढे करून, “काय जयराव, कॉलेज काय म्हणतंय?” लोक म्हणायचे, काकूंचा उत्साह बघा!

शिकागोहून रुही, त्यांची मुलगी, फोनवर विचारायची, “आई, इज बाबा ओके?” आई म्हणायची, “ठणठणीत.” न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली ती नेमकी मंडळाच्या पोर्तुगाल सहलीच्या आठवड्यात. सुलेखानं अपॉइंटमेंट कॅन्सल केली. सहल रद्द केली असती तर मंडळानं कारण विचारून भंडावून सोडलं असतं. डॉक्टर काही विचारायला येत नाही. शिवाय तिचा स्वतःशी एक करार होता, वेडेपणाचा म्हणा हवं तर. अतुलला तिचं नाव अजून येत होतं. सकाळी “सुलेखा, चहा!” अशी हाक आली की तिचा तो दिवस निभायचा. ही हाक येतेय तोवर कुणाला काही सांगायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पोर्तुगालात पोचल्यापासून ती हाक आली नव्हती. रोज नवं हॉटेल, नवी खोली. बाथरूमचं दार समजून तो कपाट उघडायचा आणि आत बघत उभा राहायचा. सकाळी नम्रपणे विचारायचा, “चहा मिळेल का?” नुसतं एवढंच. सुलेखा स्वतःची समजूत घालायची, प्रवासाचा शीण आहे, दुसरं काय.

पोंते द लिमा हे उत्तरेकडचं जुनं गाव. लिमा नदीवर लांबलचक दगडी पूल, काठानं जुनाट झाडांची रांग, पांढरी घरं. फोटोत गोड दिसेल असं सगळं, पण संध्याकाळी बस तिथं थांबली तेव्हा सुलेखाला ते मुळीच गोड वाटलं नाही. नदी उथळ होती आणि तिचा आवाजच येत नव्हता. काठावर रोमन सैनिकांचे पुतळे ओळीनं उभे केलेले, सगळे पाण्याकडे तोंड करून. समोरच्या काठावर घोड्यावर बसलेला त्यांचा सेनापती.

सहलीचा म्होरक्या नकुल. मंडळाचा अध्यक्ष, पन्नाशीच्या आतला, जिथे जाईल तिथे गंमत शोधणारा. त्यानं सगळ्यांना गोळा केलं. “ऐका यार, भारी स्टोरी आहे. रोमन लोकांना वाटायचं ही विस्मरणाची नदी. ओलांडली की माणूस सगळं विसरणार, घर, गाव, स्वतःचं नावसुद्धा. सैनिक पुढे जाईनात. मग सेनापती एकटा पार झाला आणि तिकडून त्यानं एकेकाला नावानं हाक मारली. काही विसरलो नाही, हे बघा!”

सुलेखा अतुलच्या जवळ सरकली.

“तर आपण काय करायचं,” नकुल म्हणाला, “पुरुषांनी पलीकडे जायचं आणि तिथून बायकोचं नाव घ्यायचं! उखाणा येत असेल तर बेस्ट. आपल्याकडे रेडीमेड पद्धत आहे, रोमन काय सांगतात आपल्याला!”

टाळ्या पडल्या. सुलेखा घाईनं म्हणाली, “यांचा गुडघा दुखतोय. हे बसतील इथंच.”

“कुणाचा गुडघा?” अतुल हसून म्हणाला. “मी येतो की.”

तो निघाला तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ होती. कॉलर नीट करण्याच्या निमित्तानं कानात आपलं नाव सांगता आलं असतं. वर्षभर ती दुसरं काय करत होती? पण तिनं सांगितलं नाही. तिला ते न सांगता ऐकायचं होतं. एकदाच. देवा, एवढं एक नाव राहू दे, असं म्हणत ती त्याची पाठ बघत राहिली.

पलीकडून नकुलचा आवाज आला, “लिमाच्या पाण्यात पुलाची सावली, नेत्राचं नाव घेतो, भूक फार लागली!” इकडे नेत्रा लाजली, बायका खिदळल्या. मग एकेकजण पुढे येऊन ओरडला. प्रत्येक हाकेला इकडून ओ गेली. मग पुरुष पुलावरून परतायला लागले. त्यांच्यात अतुल नव्हता.

“काका म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी मागून नाव घेतो,” नकुल म्हणाला. “उखाणा जुळवतायत बहुतेक!”

सगळे तिकडे कान लावून थांबले. आवाज आला नाही. “गुडघाच असणार, बघून येते,” असं म्हणून सुलेखा पुलावर चढली आणि कुणी बघतंय याची पर्वा न करता जवळजवळ पळत सुटली.

तो पाण्याजवळ एका छोट्या प्रार्थनाघराच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून अदबीनं उठला, बाजूला सरकला.

“बसा ना,” तो म्हणाला. “तुम्ही आमच्याच ग्रुपमधल्या ना? बरं झालं.”

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, त्यानं तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. ती बसली.

“माझी बायको पलीकडे उभी आहे,” त्यानं आवाज खाली आणला. “तिला हाक मारायचीय. सगळ्यांनी मारली. आणि नाव आठवत नाहीये. होतं माझं असं. कुणाला बोलू नका, तिला तर मुळीच नको. ती घाबरट आहे हो फार. मी वर्षभर तिला पत्ता लागू दिलेला नाही.”

अहो, मीच ती, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. त्याच्या चेहऱ्यावरची लाज तिला पाहवेना.

“सुलेखा,” ती म्हणाली. “त्यांचं नाव सुलेखा.”

“सुलेखा! हां!” त्याचा चेहरा उजळला. तो उठला, शर्ट खाली ओढून नीट केला, पाण्याच्या कडेला गेला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, “सुलेखा!”

पलीकडे टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

“ती ओ देत नाही,” तो काळजीनं म्हणाला. “ऐकू गेलं नसेल.” आणि आणखी मोठ्यानं, “सुलेखाऽऽ!”

त्याच्या पाठीशी उभं राहून तिनं ओ दिली. त्यानं वळून पाहिलं नाही. तो पलीकडच्या काठावर तिला शोधत होता.