खानावळवाली अस्वलीण

एका चिताऱ्याने चित्रातल्या कावळ्याच्या खांद्यावर पोस्टमनची पिशवी अडकवली, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. पण खरी पंचाईत झाली ती अस्वलिणीपायी.

चितारी पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकांतली जनावरं रंगवायचा. कोट घातलेला लांडगा, चष्मा लावून कपडे शिवणारं साळिंदर, असली. त्याला एक खोड होती. कातडं जनावराचं घ्यायचा, पण उठणं-बसणं घरच्या माणसांचं. थोरल्या मेव्हण्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून गप्पांत गुंतवायचा, की पुढच्या पुस्तकात मेव्हणा डुलक्या घेणारं घुबड होऊन हजर. मेव्हण्याने बिचाऱ्याने स्वतःला कधी ओळखलं नाही. उलट म्हणायचा, "घुबड झकास जमलंय हो."

ताईने ओळखलं. आई गेल्यावर चिताऱ्याला लहानाचं मोठं केलं ते या थोरल्या बहिणीने. अजूनही दुपारचा डबा तीच आणायची. त्या दिवशी टेबलावर चित्र वाळत पडलेलं. जंगलातली खानावळ, दाराबाहेर लांडगा, आणि दारात अस्वलीण. एक हात कमरेवर, दुसऱ्यात पळी, गळ्यात दोऱ्याने अडकवलेला चष्मा. ताईने आपल्या गळ्यातला दोरा चाचपला.

"शाळेत पोरी मला काय म्हणायच्या, आठवतं ना?"

"ताई, अगं ऐक तर..."

"त्या भिंतीवर लिहायच्या, तू छापतोयस. बरं झालं, अक्षर तरी सुबक येईल."

डबा ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. चिताऱ्याला उपास चालला असता, अबोला झेपेना. त्यात छापखान्याचा माणूस संध्याकाळी चित्र न्यायला येणार. मग त्याने अस्वलीण बाजूला सारली, तिच्या जागी बारीक मानेची हंसीण रंगवली आणि दोन्ही चित्रं काखोटीला मारून ताई राहायची ते आईचं जुनं घर गाठलं.

ताईने हंसीण लांब धरून पाहिली.

"ही कोण टवळी?"

"खानावळवाली."

"हिच्या खानावळीत जेवेल कोण? हिलाच कोणी जेवायला घातलेलं दिसत नाही."

हसू ओठांवर आलं होतं, तिने ते गिळलं. चष्मा नाकावर चढवून अस्वलीण पुढ्यात ओढली.

"खरं सांग. सगळं रान मोकळं पडलं होतं. मीच अस्वल का?"

चितारी दाराकडे बघत राहिला. आई गेली त्या वर्षी याच दारात मामा आला होता, त्याला शाळेतून काढून वीटभट्टीवर न्यायला. परकर घातलेली ताई चुलीपासून उठली ती पळीसकट, आणि उंबऱ्यावर अशी उभी राहिली, की मामाने चप्पलसुद्धा काढली नाही. आल्या पावली परत गेला.

चितारी म्हणाला, "हंसीण दिसायला छानच आहे गं. पण लांडगा आला की ती उडून जाईल, आणि आत पिल्लं जेवतायत. कंबर म्हणशील तर कमी करतो, पण दार अडेल एवढी ठेवू दे."