विमान उडतंच, सर!

गेल्या शिक्षकदिनी, पाच सप्टेंबरला, सकाळी ठीक अकरा वाजता आदरणीय नाकाडे सरांनी भरसभेत माझ्यावर अन्याय केला. त्यांच्या अमृतमहोत्सवाचा सत्कार होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, अशा थाटात सर उत्तराचं भाषण करायला उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या इंग्रजीच्या बाई आणि मी जन्मभर एका विमानावरून भांडलो. आज सांगून टाकतो, बाईंचंच बरोबर होतं. ते विमान उडत नाही." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवलं आहे की पहिल्या भेटीपासून सुरुवात करा आणि गोड लिहा. पहिली भेट सांगते. गोडाचं माझ्याकडून जमेल असं वाटत नाही.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. लग्न होऊन चंद्रपूर जिल्ह्यात आले आणि कोळसा खाणीजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक सडपातळ गृहस्थ मला दिलेल्या खुर्चीवर चपला काढून उभे होते आणि छताचा पंखा दुरुस्त करत होते.

"ही माझी खुर्ची आहे," मी म्हटलं.

"खुर्ची तुमचीच आहे जी," ते वरूनच म्हणाले, "पण पंखा सगळ्यायचा आहे. जरासा दम धरा."

हेच भौतिकशास्त्राचे नाकाडे सर. सिंदेवाहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. वर्गात ते छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलत आणि उंबरा ओलांडताच झाडीबोलीत शिरत.

विमानाचं भांडण लागलं ते सहलीत. आम्ही वर्ग घेऊन वीजकेंद्र पाहायला गेलो होतो. कोळसा वाहून नेणारा लांबलचक रबरी पट्टा सरकत होता. आमच्यात सुनीता मडावी नावाची मुलगी होती, भामरागडकडची, वसतिगृहात राहणारी. तिनं पट्ट्याकडे बघत विचारलं, "सर, असा पट्टा मागं पळून राह्यला, आन् त्याच्यावर विमान तेवढ्याच वेगानं पुढं पळाले लागलं, तं ते उडन का?"

"उडन," सर म्हणाले.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "ते जागच्या जागी राहील. पंखाखाली वारा येणार कुठून?"

"त्याच्यापेक्षा हेलिकॉप्टर बरं," सुनीता म्हणाली. "त्याले पळाच लागत नाई."

त्या वर्षी तान्हा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सर आपल्या लेकीचा चाकांवरचा लाकडी नंदीबैल घेऊन शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर त्यांनी चादर अंथरली, तिच्यावर बैल ठेवला, बैलाची दोरी स्वतः धरली आणि चादरीचं टोक माझ्या हाती दिलं.

"ओढा बाई. जोर असन तेवढा लावा."

मी चादर माझ्याकडे ओढली, सरांनी दोरी त्यांच्याकडे. चाकं गरगरा फिरली आणि बैल मात्र दोरीमागून निवांत सरांकडे चालत गेला.

"पाह्यलं? याले चाकं नेत नाई जी, दोरी नेते. मोटारीले चाकं ढकलतात. विमानाले इंजिन ओढते, हवेच्या भरोशावर. पट्टा मागं पळते तं पळू द्या. चाकं दुप्पट फिरतीन, विमान जाईन पुढं आन् उडन."

"हा बैल आहे, विमान नाही," मी म्हटलं.

मी हरले होते. ते त्यांना कळलं, मला कळलं, बैलालाही कळलं असावं. आणि तरी, किंवा म्हणूनच, भांडण पुढे चालू राहिलं. मधल्या सुट्टीत मी नवी हरकत काढायची आणि सरांनी डबा खाता खाता ती खोडून काढायची. वारा मागून असेल तर? पट्टा ओला असेल तर? एखाद्या दिवशी मला काहीच सुचलं नाही, तर सर विचारत, "तब्येत बरी नाई का बाई?"

सरांना फुकटच्या गुणांचा तिटकारा होता. एका पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुरानं तुटला. सुनीता गावी अडकली आणि तिचे प्रयोग राहून गेले. मुख्याध्यापक म्हणाले, देऊन टाका गुण, पोरीचा काय दोष?

"दोष नाई म्हनून फुकटचं काऊन द्यायचं तिले?" सर म्हणाले. मग तिचे सगळे प्रयोग पुरे होईपर्यंत ते रविवारी प्रयोगशाळा उघडून बसत, आणि नाकाडे वहिनी दोघांना पुरेल एवढा डबा भरून देत. ती मुलगी आज तिच्याच भागात विज्ञान शिकवते. फुकटचे गुण तीही देत नाही, असं ऐकते.

माझे यजमान गेले तेव्हा घरात माणसांची रीघ होती. जो येई तो म्हणे, धीर धरा. सर आणि वहिनी आले. निघताना सर दारात थांबून म्हणाले, "बाई, त्या पट्ट्यावर विमान उतरवलं तं?"

"कोलमडेल," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी मी विचार न करता बोलले होते.

"नाई कोलमडत," म्हणत सर परत आत येऊन बसले. वहिनी काही न विचारता चहा ठेवायला माझ्या स्वयंपाकघरात गेल्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. आता सर पुण्याला लेकीकडे राहतात. सत्कारासाठी तेवढे आले होते. जेवणाच्या पंगतीत मी त्यांना गाठलं.

"सर, व्यासपीठावर हे काय बोललात?"

"जाऊ द्या न बाई. आता कायले भांडाचं? तुमचंच बरोबर."

पानातल्या जिलबीला त्यांनी हातही लावला नाही. ज्यांनी एका हुशार मुलीला अर्धा गुण फुकट दिला नाही, त्यांनी मला अख्खं विमान बहाल केलं! कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हाला दानधर्म करायला शिकवलं होतं, घ्यायला नाही.

दुपारी जेवून मी ओसरीवर बसते. मधल्या सुट्टीची वेळ असते ती. हरकती अजून सुचतात. पूर्वीपेक्षा चांगल्या सुचतात. त्या ऐकून "नाई जी" म्हणणारं या गावात कोणी उरलेलं नाही. शेजारच्या बाई फार सुस्वभावी आहेत. त्यांना विमान उडलं काय आणि न उडलं काय, सारखंच.

सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे आणि सर्वांत आधी जीभ शाबूत राहोत. त्यांना वंदन करून, सर्व आप्तेष्टांच्या साक्षीनं, मी ही नवी हरकत नोंदवते: पट्ट्याच्या वेगाला मर्यादाच ठेवली नाही, तर चाकं इतकी फिरतील की बेअरिंग तापून जाम होतील. मग चाकं फिरणार नाहीत, घासत जातील. अशा वेळी विमान उडेल का?

याचं सकारण उत्तर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिवाळीच्या आत माझ्या पत्त्यावर पाठवावं. फोन करू नये. फोनवर ते हल्ली माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणतात.