साहेब, शनिवार होता

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, पक्के देवभक्त होते आणि तोंडाचे तितकेच फाटके. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदत होत्या हे मला विचारू नका. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करता करता ते मारुतीचं स्तोत्र म्हणायचे. मधेच बैलानं बादलीत तोंड घातलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि पुढची ओळ जिथं सोडली होती तिथूनच उचलायचे. मारुतीला त्याची सवय झाली असावी. बैलाला झाली होती.

पण त्यांना स्वतःला या जिभेची लाज वाटे. म्हणून त्यांनी मारुतीशी करार केला होता: बाकीचे वार जिभेचे, शनिवार तुझा. शनिवारी उपास आणि मौन, दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत. जिभेचा भरवसा नाही म्हणून दुपट्टा तोंडावरून घेऊन मानेमागं गच्च गाठ मारत. मग सगळं घर खुणांवर चाले. कान ओढला की बैल सोड. मूठ हलवली की ढोरांना पाणी दाखव. कपाळाला बोट लावून माझ्याकडं वळवलं की 'हा मूर्ख'. ही शेवटची खूण सगळ्यात जास्त वापरात होती.

संध्याकाळी दिवा लागला की ते गाठ सोडत, 'बजरंगबली की जय' म्हणत, आणि दिवसभर साठवलेलं सगळं ओळीनं बाहेर काढत. त्या वेळी आम्ही हातातली कामं टाकून छपरीत जमायचो. शिव्या खायला माणसं अशी हौसेनं जमतात, असं दुसरं घर मी पाहिलं नाही.

मी तेव्हा मॅट्रिकला आपटून घरी बसलो होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जो तो काहीतरी नवीन घडवायच्या गोष्टी बोलत होता, आणि माझ्यापुढं एकच कार्य होतं: आबाजींचं मौन मोडणं. एकदा मी छपरीतून बोंब ठोकली, "आबाजी, गोऱ्हा विहिरीत पडला!" ते दोर घेऊन धावत सुटले. गोऱ्हा विहिरीच्या काठावर निवांत रवंथ करत होता. त्याच दोरानं त्यांनी मला फोडून काढलं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

त्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. वडील वावरात कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागं गेलेले, आई चुलीपाशी. आबाजी छपरीत बाजेवर बसले होते, तोंडाला दुपट्टा. मी शेंगा फोडत त्यांच्या पायाशी बसलो. उपाशी माणसासमोर शेंगा खाणं हाही माझ्या कार्याचाच भाग होता.

थोड्या वेळानं त्यांनी डावा हात उचलला. तळवा जमिनीकडं केला, खाली नेला, मग ओढून छातीशी आणला. ही खूण मी कधी पाहिली नव्हती.

"काय आबाजी, आज डाव्या हाताले कामाले लावलं?"

त्यांनी पुन्हा तेच केलं.

"एवढुसं पोरगं? तुमाले पोरगं पाह्यजे? या वयात?" मी आत ओरडलो, "मा, आबाजी लेकरू मांगून राह्यले!"

"कायले तरास देतं मामाजीले?" आई आतून हसत म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. "उपाशी हायेत ते."

दुपार टळेपर्यंत ती खूण चालू होती. मी दर वेळी नवा अर्थ लावला, दर वेळी आधीपेक्षा वात्रट. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा मला वाटलं, दुपट्ट्याआड हसू आवरत नाहीये. आज मौन मोडतंय, या आनंदात मी आणखी शेंगा आणल्या.

दिवा लागला. सगळे जमले. आबाजींनी गाठ सोडली नाही.

"बाबाजी, दिवा लागला," वडील म्हणाले.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, जसा सकाळपासून पडून होता. शेवटी मीच मागं जाऊन गाठ सोडली. दुपट्टा लाळेनं चिंब झाला होता. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

"मामाजी, जय म्हना ना," आई म्हणाली. ती अजूनही शिव्यांची वाट पाहत होती.

सकाळ होताच बंडी जुंपून आम्ही त्यांना सडकेवर आणलं आणि एस.टी.नं यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, हात उचलून सोडला.

"लकवा आहे. वाचा गेली आहे. केव्हापासून?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं.

"काल दिवसभर माणूस बोलला नाही, आणि घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

"साहेब, शनिवार होता," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी आमच्याकडं असं पाहिलं, जणू तपासणी आमचीच करायला हवी. मी पुढं होऊन करार, मारुती, दुपट्टा असं सगळं समजावू लागलो.

"तुम्ही कोण?"

"नातू."

"काल कुठं होता?"

"त्यांच्याजवळच," मी म्हणालो. "पायाशी."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पातळ खायला घाला म्हणाले, आणि बाकी देवावर सोडलं. देव तर आमच्या घरी आधीच भरपूर होता.

घरी आल्यावर आबाजी बाजेवर पडल्या पडल्या तीच खूण करू लागले. तळवा जमिनीकडं, मग छातीशी. बाकी सगळ्या खुणा उजव्या हाताबरोबर गेल्या होत्या. ही एकच उरली होती, आणि नेमकी तिचीच उकल कोणाला होत नव्हती. हे एकदा कळावं, मग बाकी आयुष्यात काही नाही कळलं तरी चालेल, असं मला झालं. मी पाट आणून दाखवला. गोऱ्हा आणून उभा केला. वावरातली माती आणली. शेजारच्या बाईचं रांगतं पोर उचलून आणलं, ते त्यांना पाहून रडायला लागलं. प्रत्येक वेळी आबाजी आशेनं बघत आणि मग मान फिरवत. एकदा त्यांना बंडीत घालून मारुतीसमोर नेलं. तिथंही त्यांनी मारुतीला तीच खूण केली. मारुतीलाही समजलं नसावं.

मग माझ्या डोक्यात आलं, जमिनीत काहीतरी पुरलंय! मी टिकास घेऊन ढोरांचा कोठा खोदला. दिवसभर खोदला. एक फुटका रांजण निघाला आणि एक म्हैस खड्ड्यात पाय अडकून पडली. आबाजी बाजेवरून हे पाहत होते. त्यांचं कपाळापर्यंत बोट गेलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. ते गेलं नाही.

इकडं गावात वेगळंच पसरलं. म्हातारबुवानं जन्माचं मौन धरलं म्हणे. शनिवारी आजूबाजूच्या गावांतून बाया नारळ घेऊन येऊ लागल्या. "लकवा हाये हो बाई," आई सांगून सांगून थकली. एक म्हातारी तिला म्हणाली, "असू दे माय. साधूच्या घरच्याले साधू कयत नसते."

आबाजी त्यांनाही खूण करत. प्रत्येकीला. आपल्या घरच्यांना नाही, तर एखाद्या परक्या बाईला तरी समजेल, असं त्यांना वाटत असावं. बाया एकमेकींना समजावत, "पाय भुईवर ठेवा म्हनते महाराज, अन् देव काळजात." मग निघताना सगळ्याजणी ओळीनं उभ्या राहत आणि तीच खूण त्यांना परत करत. तळवा जमिनीकडं, मग छातीशी. आपलंच मागणं दहा हातांनी परत येताना पाहून आबाजी रडायला लागले. त्यावर बायाही रडल्या, आणि दुसऱ्या शनिवारी आणखी आल्या.

त्या गेल्यावर छपरीत नारळांचा ढीग उरला. मी ओल्या फडक्यानं आबाजींचं तोंड पुसलं आणि नेहमीसारखा पाढा सुरू केला. "पाणी, आबाजी? पांघरूण? बाजेखाली काही पडलं? आजी? आजीचं काही?" आजी तर माझ्या जन्माआधीच गेलेली. तिचं काय असणार, मला तरी काय ठाऊक? पण मी बडबडत राहिलो, कारण बडबड थांबली की मला करण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. जोर नव्हता त्यात, पण ठेवला आणि धरून ठेवला. ही खूण मला समजली. मी गप्प बसलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला, तळवा जमिनीकडं केला, खाली नेला आणि ओढून छातीशी आणला. या वेळी मी काही विचारलं नाही. नुसता पाहत राहिलो, आणि ते करत राहिले.