वेल्ह्याच्या एसटीचा आलेख

हा किस्सा सुरू केला की आमच्या घरात मुलगा ताट उचलून बाहेरच्या खोलीत जातो. तरी मी सांगतेच.

भोरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. शिक्षण काय, तर एक छोटा कोर्स आणि बाकी आगाऊपणा. लॅबमध्ये एकच मोठं यंत्र होतं, त्याला जोडलेल्या पडद्यांसमोर मुली बसायच्या. संस्थेच्या पुण्याच्या साहेबांनी त्या यंत्राच्या तब्येतीवर नजर ठेवणारा प्रोग्राम बसवला होता. प्रोसेसर किती राबतोय, डिस्क किती भरलीय, याचे आलेख ते पुण्यात बसून बघायचे.

एकदा त्यांचा फोन आला. "मॅडम, प्रोसेसरची रेष जमिनीला टेकलीय. तुमच्याकडे लॅब कोणी वापरत नाही. यंत्र पुण्याला हलवतो."

"अहो साहेब, मुली टायपिंग शिकतात. त्यानं प्रोसेसरला घाम कशाला फुटेल?"

"आलेख खोटं बोलत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. वेल्ह्याकडच्या पोरींना दुसरीकडे कुठं कीबोर्डला हात लावायला मिळत नव्हता. म्हटलं, आलेखच पाहिजे ना? घ्या आलेख.

युक्ती सोपी निघाली. साहेबांच्या त्या प्रोग्रामला आपला आलेखही जोडता यायचा. आपण एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा हुकूम, लिहायची, तिनं आलेखाचं नाव आणि एक आकडा सांगायचा. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी तिला आकडा विचारतो आणि रेष पुढे ओढतो. आत्ता लॅबमध्ये किती जणी बसल्यात, हे मोजणारी स्क्रिप्ट मी लिहिली. सकाळी बघते तर रात्रभर एक जण बसलेला! शिपाई घाबरला. "म्याडम, म्या सोता कुलूप लावलं व्हतं." भूत मीच होते. घरी जाताना लॉगआउट करायला विसरले होते.

ते निस्तरलं आणि रेष दुपारी झोकात वर चढायला लागली. लगेच फोन. "हे कोणाला विचारून लावलंत? आणि बघा, साडेतीनला धाडकन पडते. मुलींना गोडीच नाही."

"साहेब, तेव्हा वेल्ह्याची एसटी सुटते."

"काहीतरी सांगू नका."

मग मी एसटीचाही आलेख लावला. स्टँड लॅबच्या खिडकीतून दिसायचं. गाडी लागली की फाईलमध्ये एक लिहायचं, सुटली की शून्य. स्क्रिप्ट तेवढंच वाचायची. दोन्ही रेषा बरोबर पडायच्या, सासू उठली की सून उठते तशा.

साहेब काही ऐकेनात. एका दुपारी वाटेतल्या सारोळ्याहून टेम्पो भाड्यानं घेऊन स्वतः हजर झाले. "आज डोळ्यांनी बघतो. रेष पडली की यंत्र टेम्पोत."

साडेतीन झाले. खिडकीबाहेर एसटीनं हॉर्न दिला. एकही पोरगी उठेना.

"अगं, गाडी जाईल ना!" मी म्हटलं.

"जाऊ द्या म्याडम," एक जण मान वर न करता म्हणाली. "आमी न्हाई उठत. रेष पडाया नगं."

एसटी गेली. मी शून्य लिहिलं. मुलींची रेष मात्र तशीच वर.  साहेब चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या यंत्र. पण तो एसटीचा आलेख काढून टाका. सिस्टिममध्ये एसटी कुठून आली?"

"आमच्या सिस्टिममध्ये एसटीच पहिली येते, साहेब. नाही काढणार."

टेम्पोवाला दारात ताटकळला होता. "काय न्यायचं ते द्या की लवकर, भाडं तर घेतलंय म्या."

"या पोरी न्या," मी म्हटलं. "वेल्ह्याला."

साहेबांनी तोंड उघडलं, पण तोवर पोरी दप्तरं घेऊन टेम्पोत चढल्यासुद्धा. मागं पडद्यावर रेष धाडकन पडली. पडू दे म्हटलं, आणि टेम्पोचा तिसरा आलेख लावायला बसले.