सोबतच्यांनी भाईर बसा

सुईमावशी हाताकडे बघायच्याच नाहीत. अंगठ्याने कोपराची खोबण चाचपत पेशंटच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि शीर सापडली की मान हलवायच्या. लातूरच्या त्या लॅबमध्ये त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे.

पेशंटच्या वतीने दुसऱ्याने उत्तर दिलं की त्या सुई खाली ठेवत. "ज्याचं रक्त, त्यानं बोलावं. सोबतच्यांनी भाईर बसा." बायकोची माहिती सांगत सुटलेल्या एका गृहस्थांना त्या म्हणाल्या होत्या, "मालक, तुमची साखर न्हाई तपासून राहिले मी."

माझी आई मात्र उठली नाही. मी चाकूरची, इंग्रजी शाळेत शिकलेली. चार लोकांत तोंड उघडायचं नाही, हे मला दोन्ही भाषांत येत होतं. वर्षभरात माझा चेहरा गोल झाला होता, पोटावर जांभळट पट्टे उमटले होते. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली: रात्री अकराला एक गोळी, सकाळी आठला रक्त. त्या गोळीने शरीरातलं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन दबायला हवं. नाही दबलं तर मोठ्या आजाराचा संशय.

"दुसरी कुठली गोळी चालू हाय का?" मावशींनी मला विचारलं.

"नाही हो, कुठलीच नाही," आई म्हणाली.

पाळी नियमित यावी म्हणून मी चार महिने चाकूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. औशाचं स्थळ आलेलं. लग्नाआधी 'तसल्या' गोळ्या, हे आईच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मावशींनी सुई खाली ठेवली, पण मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले; शेवटी त्यांनी रक्त घेतलं.

कॉर्टिसॉल दबलं नाही. पुन्हा तपासायचं, तसंच निघालं तर हैदराबादला जाऊन डोक्याचं स्कॅन. गोळ्यांबद्दल मला शंका येत होती. पण बोलले असते तर आई खोटी ठरली असती.

दुसऱ्या खेपेला मावशींनी आईला पावतीवर शिक्का आणायला पाठवलं आणि दार लोटलं.

"का माय, पाळीच्या गोळ्या खाऊन राहिलीस का?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. "त्यानं आकडा चढतो, लेकरा. हे रक्त घेऊन काय करू?"

आई आली. "झालं?"

"न्हाई ताई. पोरगी सांगती." आणि मावशी ट्रे घेऊन चालत्या झाल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनीच सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? शेवटी डॉक्टरांसमोर मी बोलले, आईकडे न बघता.

गोळ्या बंद करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. तोवर मावशी काम सोडून हदगावला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. नव्या टेक्निशियनने मला तीनदा टोचलं. या वेळी कॉर्टिसॉल व्यवस्थित दबलं. तो आजार नव्हता. पट्टे वाढलेल्या वजनाचे होते.

रिपोर्ट ऐकताच आईने पर्समधून मोबाईल काढला. "औशाला कळवते. रविवारी या म्हणते बघायला."

"आई, थांब," मी म्हणाले. "मला अजून कुणी विचारलं नाही."

आईने फोन खाली ठेवला नाही. पण लावलाही नाही.