शिकागोतलं खोबरेल

रबराची कुठलीही वस्तू दिसली की माझ्या ऑफिसातला एक मित्र आधी नख रुतवायचा, मग वास घ्यायचा. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात कुकरची रिंग दिसली तरी तेच. "ही थंडीत मान टाकणार रे," असं मोठ्याने म्हणायचा आणि दुकानदार आमच्याकडे खाऊ की गिळू असं बघायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याबरोबर खरेदीला जाऊ नका.

शिकागोजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात मी ड्रॉइंग बघायचो आणि तो रबर-प्लॅस्टिकचे पार्ट कुठून बनवून घ्यायचे ते बघायचा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. त्याचा धाकटा भाऊ पुण्याला भोसरीत रबर मोल्डिंग करायचा. कामाअभावी त्याची शेड बंद पडायला आली होती. याने साहेबाच्या हात धुऊन मागे लागून पंपात बसणाऱ्या एका रबरी बुशची, म्हणजे जाड कड्याची, ट्रायल भावाला मिळवून दिली. "एकदाच हं," साहेबाने बजावलं. मापं, कडकपणा, मोल्ड कसा कापायचा, सगळं याने ट्रंक कॉलवर ओरडून ओरडून भावाच्या डोक्यात भरलं.

पेटी बोटीने आली, ऐन थंडीत. साहेबासमोरच उघडली. सगळ्या बुशांवर पांढरा थर!

"हे काय?" साहेबाने विचारलं.

आम्हा दोघांना वासानेच कळलं. खोबरेल! चांगलं सढळ हाताने लावलेलं आणि आता थिजलेलं. नैसर्गिक रबर तेल पितं आणि फुगतं. एकही बुश जागेवर बसेना. साहेब खांदे उडवून निघून गेला. माझं तर डोकंच फिरलं.

संध्याकाळी त्याने माझ्यासमोर भावाला फोन लावला. भाऊ इतका ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं.

"दादा, चमकत होते ना? मी मुंबईला कस्टमच्या मागे होतो. आईनेच हौसेने एकेक पुसून पेटी भरली. म्हणाली, अमेरिकेला जातायत!"

हा म्हणाला, "फार छान होते रे. सगळे बसवले पंपांत. पण आता इथे डिझाइनच बदललंय. पुढची ऑर्डर नाही."

"अरे, खरं सांग ना त्याला!" मी भडकलो.

त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. "आईला काय सांगू यार?"

शेड बंद पडली. पुढे आमच्याकडे माणसं कमी केली, त्यात त्याचाही नंबर लागला. आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात आई आली. नोकरी गेल्याचं त्याने तिला सांगितलंच नव्हतं. माझ्या हातचे रबर कुठे बसवले ते दाखव, हा एकच धोशा. शेवटी एका मंगळवारी तो तिला घेऊन आला. मी लंचला बाहेर पडलो होतो, म्हणून भेटलो. फार वाईट वाटलं मला.

"ती बघ, त्या बिल्डिंगमध्ये," त्याने बोट दाखवलं.

"मग आत जाऊन बघू या की."

"आज सुट्टी आहे, आई."

आई गाड्यांनी भरलेल्या पार्किंग लॉटकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल घरी."