सातशे पन्नास फूट

१९५० च्या हिवाळ्यात आमची पलटण सरावासाठी कल्याणजवळ उतरली. मी मॉर्टर प्लाटूनचा हवालदार होतो. मॉर्टरच्या नळीत वरून बॉम्ब सोडायचा. तो उंच जाऊन टेकडीपलीकडे पडतो. आमचे तंबू आंबिवली स्टेशनापासून दोन मैलांवर होते. पाचला उठणं, सहाला पीटी, सातला नळ्यांची सफाई. प्रत्येक फायरिंगआधी मी वहीतले बारा मुद्दे तपासून प्रत्येकासमोर 'होय' लिहीत असे.

या वहीची सगळ्यात जास्त टिंगल लान्स नायक शांताराम भोईर करायचा. तो कळव्याचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. "हवालदार साहेब, वहीत जेवान लिवलंय ना? नायतर आज मिलाचा नाय." मी त्याला दोनदा एक्स्ट्रा ड्रिल दिली. फरक पडला नाही.

त्या दिवशी अकरा वाजता ब्रिगेडियर साहेब येणार होते. त्याआधी एक बॉम्ब टाकून पाहायचा होता. लक्ष्य तीन हजार फुटांवर. वाटेत टेकडी, आमच्या जागेपासून पाचशे ऐंशी फूट उंच. तिच्या माथ्यावर खंदकात भोईर आणि नायक जाधव. बॉम्ब कुठे पडला ते त्यांनी फील्ड टेलिफोनवर कळवायचं.

मुद्दा सातवा होता: बॉम्ब टेकडीवरून सुखरूप जाईल का? हे रेंज टेबलात, म्हणजे कुठल्या अंतरावर बॉम्ब किती उंच असतो त्या तक्त्यात, बघायचं असतं. टेबलाचं पुस्तक दुसऱ्या कंपनीने नेलं होतं. आमचे लेफ्टनंट कॉलेजातून गणित घेऊन आलेले. म्हणाले, पुस्तक कशाला? त्यांनी कागदावर मांडलं. नळी पंचेचाळीस अंशांत. अंतर क्ष, उंची य. य बरोबर क्ष वजा क्ष वर्ग भागिले तीन हजार. उंची शून्य दोन ठिकाणी, नळीपाशी आणि लक्ष्यापाशी. म्हणून सर्वांत जास्त उंची बरोबर मध्ये, पंधराशे फुटांवर. पंधराशेतून साडेसातशे गेले, उरले साडेसातशे.

"टेकडी पाचशे ऐंशी. एकशे सत्तर फूट क्लिअर. लिहा, हवालदार."

मी 'होय' लिहिलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी लेफ्टनंट साहेबांनी फायरचा हुकूम दिला. जवान नळीचा कोन लावू लागले. वेळ टिपताना त्यांचा कागद माझ्या गुडघ्यावर होता. त्यावर टेकडी काढलेलीच नव्हती, म्हणून मी नकाशावरून तिची जागा बघितली. टेकडी पंधराशेवर नव्हती. ती बावीसशे पन्नासवर होती. तिथे बॉम्ब उतरणीला लागलेला. बावीसशे पन्नासचा वर्ग भागिले तीन हजार, सोळाशे सत्त्याऐंशी. वजा केले. उरले पाचशे बासष्ट.

टेकडीपेक्षा अठरा फूट कमी. मी मान वर केली तोच बॉम्ब सुटला.

मी टेलिफोनचा दांडा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"बोला, हवालदार साहेब."

"खाली—"

माथ्याखाली धूर उठला. लाइन मेली.

आम्ही वर पोचलो तेव्हा दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. जाधवला खरचटलेलंही नव्हतं. तो खंदकातच होता. टेलिफोनची तार दोन हात कमी पडली म्हणून त्यांनी तो बाहेर खडकावर ठेवला होता. घंटी वाजली आणि भोईर तो घ्यायला उठला.

चौकशी तिसऱ्या दिवशी बसली. मी कागद घेऊन गेलो. मेजर साहेबांनी विचारलं, जास्तीत जास्त उंची सातशे पन्नास, बरोबर? बरोबर, सर. टेकडी पाचशे ऐंशी? होय, सर. मग बॉम्ब वरूनच जायला हवा.

मी म्हटलं, सातशे पन्नास मध्यावर, सर. टेकडी मध्यावर नाही. ते म्हणाले, कमाल उंची म्हणजे कमाल उंची. लेफ्टनंट साहेब खाली बघत होते. त्यांना कळलं होतं. निकाल: बॉम्ब सदोष, शॉर्ट पडला. मी दोन लेखी अर्ज दिले. दोन्ही 'फाइल करा' असा शेरा मारून ठेवले गेले. मला त्या मेजर साहेबांचा आजही राग येतो. स्वतःचा जास्त येतो. वहीत अक्षर माझं आहे.

महिन्याभराने रजा घेऊन कळव्याला गेलो. भोईरचे वडील मिठागरावरून नुकतेच आले होते. पाय अजून पांढरे. मुलाच्या मृत्यूचं पलटणीचं पत्र त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. ते म्हणाले, माल खराब होता म्हनतान.

मी नाही म्हटलं. बोटाने जमिनीवर बॉम्बची वाट काढली आणि टेकडी तिच्या जागी काढली. त्यांनी एकदाच बघितलं.

"मंग ह्यो लागनारच की."

"हो."

"त्याला काय ठावं?"

भरदार गडी शांताराम, गावच्या होडीच्या शर्यतीत पुढे बसणारा, चोवीस वर्षांचा. त्याला काही ठाऊक नव्हतं, असं मी सांगितलं.

म्हाताऱ्याने रेघेतल्या टेकडीवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "त्यो दुसरा वाचला ना? खड्ड्यान होता म्हनून. मंग आमचा उठला कशाला?"

टेलिफोनचं चौकशीत कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

"मी हाक मारली म्हणून," मी म्हटलं.